दामिनीची शीतपेटी

"बाहेर काढा," दामिनी म्हणाली. "उनात लावून दाखवा."

दुकानदाराने आधी तिच्याकडे आणि मग तिच्या नवऱ्याकडे, कुंदनकडे पाहिलं. नागपुरातलं त्याचं दुकान मोठं होतं. आइस्क्रीमचे फ्रीजर, दूध थंड करायच्या टाक्या, हॉटेलवाल्यांची काचेची कपाटं असा सगळा माल पुढे मांडलेला होता, आणि मागच्या कोपऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडू नयेत अशा बेताने दोन शीतपेट्या ठेवल्या होत्या. माणूस गेल्यावर लांबचे नातेवाईक पोचेपर्यंत देह ज्यात ठेवतात, त्या.

"ताई, इथंच चालू करून देतो ना. बघता बघता बर्फ होते."

"इथं तुमचा एसी चालू हाय. आमच्या आंजीत वैशाखाचं ऊन असते. रस्त्यावर काढा."

"काढा भाऊ," कुंदन हळूच म्हणाला. "ते आयकनार नाई."

नोकरांनी कुरकुरत दोन्ही पेट्या फुटपाथवर आणल्या. एक दिसायला देखणी होती. सोनेरी पट्ट्या, आतून निळे दिवे, नक्षीचे पाय. दुसरी स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी साधी, जड आणि ओबडधोबड. दामिनीने दोन्हींत पाण्याचा एकेक पेला ठेवायला लावला. झाकण लावताना पदराचं टोक त्यात अडकवलं आणि ओढून पाहिलं. देखण्या पेटीतून पदर सुळकन निघून आला. साध्या पेटीने तो असा धरला की फाटेल की काय असं वाटावं. मग ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. चहा आला, तो प्यायली, पुन्हा बसली. देखण्या पेटीची मशीन दम लागल्यासारखी थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. साधी एका सुरात घुमत होती आणि तिच्यातलं पाणीही आधी गार झालं.

"हे बिघडली तर वर्ध्यात कोनी दुरुस्त करते का?" तिने विचारलं.

"ही होते. त्या दिव्यावालीचं सामान मागवावं लागते," दुकानदाराने अखेर खरं सांगितलं.

"मंग हेच द्या."

आंजीत कुंदनचा मांडव-बिछायतीचा धंदा होता. खुर्च्या, गाद्या, मोठी भांडी, कनाती, एक जनरेटर आणि हे सगळं वाहणारी एक पिकअप गाडी. धंदा कुंदनच्या वडिलांनी उभा केलेला, पण आता त्याची सगळी आखणी दामिनी करत होती. शीतपेटी घ्यायची कल्पना तिचीच. घरात हे मान्य असणारी तीच एकटी होती.

गाडी दारात आली तेव्हा तिची सासू भागाबाई फाटकात आडवी उभी होती.

"हे घरात येनार नाई."

"मामी, घरात नाई आनत. मागच्या गोदामात ठेवतो."

"गोदामात लग्नाच्या गाद्या हायेत. नवरी बसते त्याच्यावर. त्याच्यापाशी मुर्द्याची पेटी ठेवतं का वं? तुले समजते का काही?"

दामिनीने कुंदनकडे पाहिलं. कुंदन गाडीच्या चाकाकडे पाहत होता.

"माय म्हनते ते बी खरं हाय," तो म्हणाला, "अन् तू म्हनतं ते बी खरं हाय."

शेवटी पेटी गोदामाच्या आडोशाला, पत्र्याच्या एका वेगळ्या छपरीत गेली. ती छपरी दामिनीने स्वतः उभी राहून बांधून घेतली.

तिला ही पेटी का हवी होती, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिचं माहेर सिंदी रेल्वेचं. वडील भर मे महिन्यात गेले तेव्हा ती पहिल्या बाळंतपणाच्या अडचणीमुळे दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सोडेपर्यंत आणि बस मिळेपर्यंत उशीर झाला. घरच्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, पण त्या उन्हात बर्फ किती तग धरणार? ती अंगणात शिरली तेव्हा माणसं घाटावरून परत आलेली होती, आंघोळी चालल्या होत्या. अंगणात बर्फाच्या लाद्यांचा ओला भुसा पसरलेला होता. तिला बाप दिसला नाही, तो भुसा तेवढा दिसला.

पहिल्या उन्हाळ्यात पेटी दोन-तीनदा गेली आणि निभली. मग शेजारच्या एका गावात ती ऐन दुपारी बंद पडली. मुलगा अजून पोचायचा होता. घरच्यांना घाईने उरकावं लागलं. दामिनीला कोणी काही बोललं नाही. तिथल्या एका म्हातारीने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. 

दुसऱ्या दिवशी तिने वर्ध्याहून मेकॅनिक बोलावला. धम्मदीप नाव त्याचं. त्याने खालची जाळी उघडली आणि आतून कापसाचा गोळाच्या गोळा बाहेर काढला.

"ताई, मशीन श्वास घेते इथून. तुम्ही तिच्या नाकात कापूस कोंबला."

गोदामातल्या गाद्यांचा कापूस उडून इथे येऊन बसत होता. दामिनीने तो गोळा हातात घेऊन पाहिला. तिने मशीन आणताना सगळं विचारलं होतं, पण हे विचारलं नव्हतं. त्या दिवशी धम्मदीपकडून ती सगळं शिकून घेऊनच उठली. ब्रशने जाळी कशी झाडायची, झाकणाच्या रबराला पावडर कशी लावायची, विजेचा दाब उतरला तर मशीन लगेच बंद का करायची, गाडीतून उतरवल्यावर थोडं थांबून मगच सुरू का करायची. तेव्हापासून काम असो नसो, ती दर आठवड्याला पेटी उघडून, पुसून, चालवून पाहू लागली. छपरीच्या आणि गोदामाच्या मधे तिने जाड कनात लावली.

पण हिवाळ्यात लग्नं हातची जाऊ लागली. गावातल्या श्रावण नावाच्या एका बड्या शेतकऱ्याने मुलाच्या लग्नाचा मांडव ऐनवेळी दुसऱ्याला दिला. "ज्या गाडीत पेटी जाते, त्याच गाडीत आमचा मांडव येनार का?" असं तो चावडीवर म्हणाला. ते घरी पोचायला वेळ लागला नाही.

"विकून टाक ते," भागाबाई म्हणाली. "लक्ष्मी चाल्ली घरातून."

"विकनार नाई मामी."

"काऊन?"

"कोनाले तरी लागते म्हनून."

तिने पेटीसाठी हाताने ओढायची वेगळी चाकगाडी करून घेतली. बाहेरगावी जायचं तर भाड्याचा टेम्पो. लग्नाच्या गाडीला पेटीचा स्पर्श होणार नाही, हे तिने घरोघर जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी गोमाजी फाटकात येऊन उभे राहिले. भाजीपाला पिकवणारा साधा माणूस. त्यांची बायको कुंताबाई पहाटे झोपेतच गेली होती. ती आणि भागाबाई एकाच गावच्या माहेरवाशिणी, लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

"गुंजन बंगलोरले हाय," गोमाजी म्हणाले. गुंजन त्यांची एकुलती एक मुलगी. "गाडीत बसली ते. उद्या सकाळी पोचते. श्रावण म्हनते, थांबू नका, पोरीसाठी काय थांबाचं, आग मी देतो म्हनते. तो पुतन्याच हाय माह्या. पन पोरगी फोनवर एकच म्हनून राह्यली, बाबा, मले माय पाहू द्या."

 दामिनीने त्यांना पाणी दिलं आणि कुंदनला हाक मारली.

पेटी गोमाजींच्या ओसरीवर, भिंतीपासून हातभर सोडून लावली गेली. दामिनी काही वेळ थांबली, मग तिने बटण दाबलं. मशीन घुमू लागली. कुंताबाईला आत ठेवलं, झाकण लागलं. माणसं येऊ लागली. कोणी हार घातले, कोणी पांढरी चादर पसरली, आणि ती चादर लोंबत जाऊन खालच्या जाळीवर आली. दामिनीने वाकून ती वर खोचली. थोड्या वेळाने हारांचा ढीग पुन्हा जाळीपाशी.

"हार वरते ठेवा बाप्पा. खाली हवा लागते तिले," ती प्रत्येकाला सांगत राहिली.

दुपार तापली. गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले आणि विजेचा दाब उतरला. मशीनचा आवाज घोगरा झाला. दामिनीने क्षणभर ऐकलं आणि उठून बटण बंद केलं.

ओसरीवरच्या सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या.

"पडली ना बंद?" श्रावण उभा राहिला. "मी सांगतलं होतं. गोमाजीकाका, आता उशीर नको. तयारी करू."

"पडली नाई," दामिनी म्हणाली. "मी बंद केली. कमी करंटवर चालवली तर जळन. कुंदन, जनरेटर आना."

"अन् तवर?"

"तवर झाकन कोनी उघडू नका. आत गारवा हाय, तो जात नाई."

श्रावणने गोमाजींकडे पाहिलं. गोमाजी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी दामिनीकडे पाहिलं, मग मान हलवली. "थांबू," ते म्हणाले.

याच वेळी भागाबाई आली. काठी टेकत थेट पेटीपाशी गेली आणि काचेवर दोन्ही हात ठेवून रडू लागली. "कुंता, वं कुंता." मग तिने झाकणाच्या कडेला बोटं घातली. "कुंकू लावू दे मले. उघड वं."

दामिनीने सासूच्या हातावर हात ठेवला.

"मामी, आता नाई."

"माही मैत्रीन हाय ते! तू कोन मले सांगनारी?"

"गुंजनसाठी ठेवली हाय मामी. आता उघडली तर उद्यापर्यंत रायनार नाई. तुमच्या पाया पडतो."

सगळ्या बायका पाहत होत्या. सुनेने सासूला चारचौघांत अडवलं होतं. भागाबाईचा चेहरा लाल झाला. ती मागे सरली आणि भिंतीशी जाऊन बसली. दामिनीला वाटलं, आज घरी आपलं काही खरं नाही. पण तिचं लक्ष गल्लीच्या टोकाकडे लागलं होतं. जनरेटर येऊन लागला, धडधडला, आणि थोड्या वेळाने मशीन पुन्हा एका सुरात घुमू लागली. तिने काचेला हात लावून पाहिला. थंड होती.

संध्याकाळी पवनारहून आलेल्या काही बायका पेटीपाशी गेल्या. एकीने झाकणाला हात घातला.

"झाकनाले हात लावू नका वं," भिंतीपासून भागाबाईचा आवाज आला. "पोरगी यायची हाय तिची."

रात्रभर दामिनी आणि कुंदन आळीपाळीने जनरेटरपाशी राहिले. सकाळी वीज सुधारली तेव्हा दामिनीने जाळीवरची धूळ ओल्या फडक्याने टिपून घेतली आणि ती पुन्हा आपल्या जागी बसली.

उन्हं वर आली, तेव्हा गुंजन ऑटोतून उतरली. खांद्यावर बॅग तशीच. अंगणातली माणसं बाजूला झाली. ती पेटीपाशी आली आणि काचेतून आत पाहत उभी राहिली. 

"हात लावू का?" तिने विचारलं. कोणाला विचारत होती, तिलाही ठाऊक नसावं.

"लाव बाई," दामिनी म्हणाली. "तुह्यासाठीच ठेवली." तिने बटण बंद केलं आणि कुंदनच्या मदतीने झाकण काढलं.

गुंजनने आईच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला, दोन्ही हातांनी.

"किती थंडी लागली असन मायले," ती म्हणाली. "रातभर लागली असन."

 श्रावण खाली पाहू लागला.  भागाबाई भिंतीला धरून उठली आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कुंताबाईनेच जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती. तिने ती उलगडली, मैत्रिणीच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत ओढली आणि पायांखाली दोन्ही बाजूंनी नीट खोचली, लहान लेकराला निजवताना खोचतात तशी.

"आता नाई लागत थंडी," ती गुंजनला म्हणाली.

अंगणात ऊन रणरणत होतं. माणसांच्या सदऱ्यांतून घाम वाहत होता. तिरडी बांधून तयार होती, पण कोणी घाई करत नव्हतं. गुंजन वाकून आईच्या कानाशी काहीतरी सांगू लागली, अगदी हळू. ते आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून दामिनी मशीनची वायर गुंडाळत गुंडाळत ओसरीच्या कडेपर्यंत मागे सरली आणि तिथे पाठ करून उभी राहिली.