थोरलीचा राग

थोरलीने मशीनवरचा कोट ओढला आणि पाठीच्या शिवणीतून टर्रकन उसवला.

"ही काय कापणी झाली? खांदा एकीकडे, बाही एकीकडे. आणि मला म्हणे काजं करत बस."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक भिंतीवरच्या आरशात नको तितकं लक्ष घालून पाहू लागलं. धाकटीने कोट उचलून त्याची घडी घातली.

आई गेली तेव्हा थोरलीने शाळा सोडून हेच मशीन धरलं होतं. त्यावर शिवून धाकटीला तिने कॉलेजात धाडलं, शिवणकलेचा मोठा कोर्स करू दिला, आणि त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. 'तुमची ताई म्हणजे गाय आहे,' असं गिऱ्हाइकं म्हणायची. गेले काही महिने मात्र राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. दोन माणसांचं जेवून ती वाळत चालली होती. थंडीतही खिडकी उघडी टाकायची. डोळे वटारल्यासारखे दिसायचे, आणि सुईत दोरा ओवायला बोटं स्थिर राहायची नाहीत.

कोटाच्या प्रकारानंतर धाकटीने तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी थोरलीच्या मागे उभं राहून गळा चाचपला, हात पुढे करायला सांगितले आणि बोटांची थरथर निरखली. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं.

"मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती गळ्यातल्या थायरॉइडला निरोप देते, भरभर चालव नाहीतर सावकाश. यांच्या शरीरात खोटेच निरोप तयार होतायत. वरची ग्रंथी केव्हाची गप्प बसलीय, पण गळ्यातली थांबायला तयार नाही. म्हणून छाती धडधडते, झोप लागत नाही, वजन उतरतं."

"आणि चिडचिड?" धाकटीने विचारलं.

"तीही यातच आली."

धाकटीने इतका मोठा श्वास सोडला की थोरलीने वळून पाहिलं.

त्यानंतर सगळं सोपं झालं. थोरली कडाडली की धाकटी मान वर न करता विचारायची, "ताई, गोळी घेतलीस?" थोरली एकदम गप्प व्हायची. 'मला कोपऱ्यात बसवलंस' असं एकदा ती गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, तेव्हा धाकटीने त्यांना हळूच सांगितलं, "तिला बरं नाहीये. ती बोलत नाही, दुखणं बोलतंय." गिऱ्हाइकांनीही समजून माना डोलावल्या.

गोळ्या हळूहळू लागू पडल्या. थोरलीच्या अंगावर मांस आलं, झोप परतली, बोटं स्थिर झाली. पुढच्या तपासणीत आकडे जागेवर आलेले पाहून डॉक्टरीण बाई खूश झाल्या. दुकान पुन्हा शांत झालं.

एका दुपारी जेवणासाठी दार ओढून घेतल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तेव्हा तू जे बोललीस ना, त्यातलं मी काही मनावर घेतलं नाही हं."

थोरली कुडत्याला बटण लावत होती. "कोणतं?"

"तेच. तुला कोपऱ्यात बसवल्याचं."

थोरलीने दोरा दातांनी तोडला. "चिमे, आवाज दुखण्याचा होता. म्हणणं माझंच होतं."

"पण तुझे हात थरथरायचे, म्हणून तर मी कापणी स्वतःकडे..."

"कापणी तू त्याच्या कितीतरी आधी घेतलीस. कोर्स करून आलीस आणि म्हणालीस, ताई, हल्ली असं कापत नाहीत. तेव्हा माझे हात ठणठणीत होते."

धाकटीला ते आठवलं. थोरलीने त्या वेळी हसून कात्री पुढे केली होती, हेही आठवलं. तिने कापडाचा एक तुकडा उगाच सरळ केला, पुन्हा केला.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला कुठे भांडता येतं? आजारपणात जमलं. मला वाटलं, आता तरी तू उलटून बोलशील, आपली एकदाची जुंपेल. तू गोळीचं विचारत राहिलीस."

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. दोघींपैकी एकही उठली नाही. ठोठावणारं माणूस थोडं थांबून निघून गेलं.

धाकटीने स्टूल ओढलं आणि थोरलीच्या समोर जाऊन बसली.

"मग आता भांड," ती म्हणाली. "मी ऐकते. उलटूनही बोलते."

थोरलीने कुडतं मांडीवर ठेवलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, वाट पाहिली, मग मान हलवली.

"आता राग येतच नाही गं," ती म्हणाली. "नुसतं वाईट वाटतं."