आधी मोजा, मग प्या

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पडत काही नव्हतं. हवा कोंदट. अशा हवेत माझा पट्टा दंडाला चिकटतो. मी रक्तदाब मोजायचं यंत्र बोलतोय. शाळेत गेलेलो नाही, आकडे तेवढे येतात. वरचा, खालचा आणि नाडीचा. बाकी सगळं ऐकीव.

औषधाच्या दुकानात काचेमागे बसून मी बरीच वर्षं माणसांचे खोकले ऐकले. मग एका बाईने आपल्या वडिलांसाठी मला घेतलं. दुकानदार म्हणाला, "ताई, चहा पिऊन लगेच मोजू नका. अर्धा तास गप्प बसवा, मग मोजा." ताईंनी मान हलवली. ती कानाला लावलेल्या फोनवरच्या माणसासाठी हलवली होती.

वडील म्हणजे केस कापणारे उस्ताद. छातीत दुखून दवाखान्यात जाऊन आले, तेव्हापासून घरी. दुकान मुलगा बघायचा. दुकानातली खिडकीजवळची उस्तादांची खुर्ची मात्र रिकामीच. बायकोने सांगून टाकलं होतं, "आकडा उतरेपर्यंत त्या खुर्चीला हात लावायचा नाही." बोलणं संपलं.

डॉक्टर म्हणाले होते, "दूध-साखरेचा चहा बंद. वाटलं तर एखादा कप कोरा घ्या, हृदयाला बरा असतो म्हणतात. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत." गोळ्या बायकोने लक्षात ठेवल्या. उस्तादांनी कोरा चहा तेवढा घरी आणला. 'एखादा' दवाखान्यातच राहिला.

मग रोजचंच झालं. सकाळी उस्ताद मोठा पेला भरून कोरा चहा प्यायचे, तोंड कडू करायचे आणि लगेच मला दंडाला बांधायचे. आकडा वर. "अजून लागू पडत नाहीये," म्हणत दुसरा पेला. आकडा आणखी वर. मी फुगून फुगून सांगायचो, पण माझं फुगणं कोण मनावर घेतो?

शेजारचे ड्रायव्हरकाका यात हकनाक भरडले गेले. उस्तादांशिवाय ते कोणापुढे गाल करत नसत. "तुझा मुलगा दाढी करत नाही रे, भिंत खरवडतो," म्हणायचे. दाढी छातीकडे निघाली होती.

तर त्या कोंदट सकाळी गॅस संपला. चहा नाही. बायको फोन घेऊन गॅसवाल्याशी भांडायला गॅलरीत गेली. तेवढ्यात काका खांद्यावर टॉवेल टाकून आले. "दुकानात जाऊ देत नाहीत ना? मग इथेच उरक."

उस्तादांनी कपाटातून वस्तरा काढला. पाणी गारच होतं. मी टेबलावरून बघत होतो. हात जरा म्हणून हलला नाही. आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस लावून एक गाल लख्ख केला. उस्ताद गुणगुणायला लागले. ते गुणगुणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि बायको आत आली.

"अहो, हे काय चाललंय? बसा तिथे. गप्प बसा."

उस्ताद बसले. ती बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. दुकानदाराने सांगितलेला अर्धा तास असा आपोआप भरला. मग तिने मला त्यांच्या दंडाला आवळलं. "बघू या किती चढलंय ते."

मी फुगलो, सुस्कारा सोडला, आकडा दाखवला. तिने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मशीन बिघडलं म्हणून मला स्वतःच्या दंडाला बांधलं. तिचा आकडा उस्तादांपेक्षा जास्त निघाला. त्यावर घरात अजून कोणी बोललेलं नाही.

"आज काय वेगळं केलं तुम्ही?"

"काही नाही गं. चहासुद्धा नाही झाला."

तिने मोकळ्या शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उद्यापासून आधी मशीन, मग चहा. तोही एक कप. आकडा असाच राहिला आणि डॉक्टर हो म्हणाले, तर खुर्ची तुमची."

डॉक्टर हो म्हणाले. आता उस्ताद सकाळपुरते खुर्चीशी उभे असतात. माझा पट्टा सैल झालाय, त्याला कोऱ्या चहाचा वास येतो. मागणं एवढंच, की मला आधी विचारत जा. प्यायल्यावर विचारलंत तर मी चहाचंच सांगणार.

त्या सकाळचं शेवटचं राहिलंच. बायकोचं बोलणं संपतंय तोच दारात गॅस आला आणि उस्ताद खुशीत चहा ठेवायला उठले. काका अजून तिथेच बसले होते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावरचा फेस वाळलेला. ते शांतपणे म्हणाले,

"उस्ताद, चहा कुठे पळून जात नाही. आधी माझा दुसरा गाल कर."