सात नंबरची खूण

केदारनं थंडीची यादी केली ती सप्टेंबरातच. अंगणातल्या मेपलचं एक पान अजून पिवळं झालं नव्हतं, आणि या गृहस्थानं फ्रिजवर एकवीस कामांचा कागद चिकटवला. खिडक्यांना प्लास्टिक, घर तापवणाऱ्या फर्नेसला नवा फिल्टर, दाराखालच्या फटीला पट्टी, तुळस नि कढीपत्ता आत. मिनेसोटात सात हिवाळे काढलेला माणूस, पण ते सगळे भाड्याच्या अपार्टमेंटमधले. तिथं थंडी ही मालकाची भानगड. स्वतःच्या घराचा हा पहिलाच हिवाळा, आणि ईडन प्रेरी या त्यांच्या उपनगरात जो जो मराठी माणूस भेटे तो याला एक भीती फुकटात देऊन जाई. कोणाचा पाइप फुटला, कोणाच्या बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी. केदार ऐकायचा आणि घरी येऊन यादीत एक ओळ वाढवायचा. शेवटी स्वानंदी, त्याची बायको, म्हणाली, "अरे, बर्फ पडायच्या आधी तूच गोठशील."

पण बेसमेंटची त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती, त्याला कारण होतं. तिथं भिंतीलगत, फरशीवरच, एक पुठ्ठ्याचा खोका होता आणि त्यात आईच्या कॅसेटी होत्या. तो अमेरिकेत आला तेव्हा आईला पत्र लिहायचा कंटाळा, आणि फोनवर तिला काही सुचायचं नाही. मग ती टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन भाजी निवडत बसायची आणि बोलायची. शेजारणीशी कशावरून वाजलं, लोणचं यंदा कसं बिघडलं, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "थांब रे, दूध उतू चाललं." अशा अकरा कॅसेटी. गेल्या मार्गशीर्षात आई गेली. त्यानंतर त्यानं एकही लावली नव्हती. धीरच होत नव्हता. कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्यात, हे मात्र तो दर शनिवारी म्हणायचा.

जूनमध्ये त्यानं बाबांना आणलं. त्र्यंबकराव म्हणजे अकोल्याला वीज मंडळात पस्तीस वर्षं लाइनमन. वादळात खांबावर चढणारा माणूस सत्तराव्या वर्षी सोफ्यावर बसवला, तर त्याचं काय होणार? पहिल्याच आठवड्यात त्यांनी बेसमेंटमधला विजेचा करडा डबा उघडून डोळे भरून पाहिला आणि म्हणाले, "वायरिंग चांगलं केलंय, बाप्पा." मागून केदार धावत आला. "बाबा, हात नका लावू. इथलं वेगळं असतं."

इथलं वेगळं असतं. सहा महिन्यांत त्र्यंबकरावांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की ते स्वतःच म्हणायला लागले. गवत कापू? तुम्ही बसा बाबा. शिडी धरू? तुम्ही बसा बाबा. खिडकीचं प्लास्टिक हेअर ड्रायरनं ताणून बसवायचं होतं, तेव्हा ड्रायर तरी धरतो म्हणाले, तर तेही नाही. केदारचा स्वभाव वाईट नव्हता हो. त्याला फक्त असं वाटायचं की एक काम दुसऱ्याच्या हातात गेलं की घर कोसळलंच. आणि बाबांना आराम द्यायचा, हीसुद्धा त्याच्या मनातली एक यादीच होती.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तो कागद घेऊन बेसमेंटमध्ये उतरला. सात नंबर: बाहेरच्या नळाचा आतला कॉक. अंगणातल्या नळाकडे जाणाऱ्या पाइपला घराच्या आत, छताजवळ, एक छोटा कॉक असतो. थंडीआधी तो बंद करून पुढचा पाइप रिकामा करायचा. नाही केला तर भिंतीतलं पाणी गोठतं आणि पाइप फाटतो. बाबा मागोमाग आले होते.

"आण, मी फिरवतो."

"राहू द्या बाबा. इथलं—"

"वेगळं असतं. अबे, कॉकचं काय वेगळं असतं? एक डावीकडे, एक उजवीकडे."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ऑफिसचा. कसलासा सर्व्हर बसला होता. आता करतोच आहे म्हणून केदारनं सात नंबरवर पेन्सिलनं खूण केली, कागद काखेत धरला आणि बोलत बोलत जिना चढला. बाबा थोडा वेळ वर बघत उभे राहिले, मग तेही गेले. सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही हे ते एव्हाना शिकले होते. दीड तासानं केदार परत आला, कागद पाहिला, सात झालेलं होतं. त्यानं आठ घेतलं.

झालं. घोडचूक कधी वाजतगाजत येत नाही.

बावीस डिसेंबरला सगळे निघाले. अकोल्याला आईचं वर्षश्राद्ध, मग पाच आठवडे तिकडेच. बाबांची परत यायची इच्छा आहे की नाही, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं आणि केदारनं धसका घेऊन विचारलं नव्हतं. बाहेर उणे अठरा. दारात टॅक्सी. केदारनं थर्मोस्टॅट तीनदा पाहिला. घरात कोणी नसलं तरी फर्नेस मंद चालू ठेवायची, म्हणजे पाइप गोठत नाहीत.

"माणसं नसताना घर कोणासाठी तापवायचं?" बाबांनी विचारलं.

"असतं तसं, बाबा. चला, उशीर होतोय."

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण दोन वाक्यं कोणाकडे होती? बॅगा टॅक्सीत गेल्या. बाबा मध्येच म्हणाले, "चष्मा राहिला," आणि आत जाऊन पाच मिनिटांनी आले. चष्मा तर त्यांच्या खिशातच होता, स्वानंदीनं पाहिलाही, पण म्हाताऱ्या माणसाला बाथरूमला जायचं असेल म्हणून ती काही बोलली नाही.

ॲम्स्टरडॅमला चार तास थांबायचं होतं. केदार एका जागी बसेल तर शपथ. गॅरेज लावलं का? शैलाकाकूंना किल्ली दिली ती नीट लागते ना? शैलाकाकू म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या. दर मंगळवारी येऊन त्या झाडांना पाणी घालणार होत्या. तो उठे, काचेपर्यंत जाई, परत येई. त्र्यंबकरावांना ते बघवेना. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही होतं. ते हसले.

"बस रे. काहून असा फिरून राहिला? मी सगळं पाहून घेतलंय. आपल्या पद्धतीनं. मेन पाडला, आणि खाली—"

"काय?"

"मेन. मेन स्विच. गावाला निघताना पाडायचाच असतो. आणि खाली पाण्याचा—"

"बाबा!" केदार इतक्या जोरात ओरडला की शेजारची बाई पर्स सावरून उठली. "मेन पाडला? फर्नेस विजेवर चालते! गॅस असला तरी पंखा विजेवर असतो! बाहेर उणे अठरा आहे, पाइप फुटतील, बेसमेंट भरेल, आईचा खोका खाली आहे, बाबा, जमिनीवर!"

"अरे, पण पाणी मी—"

"एक शब्द नको! तुम्हाला हज्जारदा सांगितलं हात लावू नका. आई होती तोवर तिनं तुम्हाला सांभाळलं. आता माझ्याच्यानं होत नाही. काही करू नका. नुसते बसा!"

त्र्यंबकराव बसले. तसे ते बसलेलेच होते, पण आता खरोखर बसले. हात मांडीवर, मान खाली.

"केदार, त्यांचं ऐकून तरी घे," स्वानंदी म्हणाली. पण तो कॉलिंग कार्ड काढत फोनकडे पळाला होता. मिनेसोटात मध्यरात्र. शैलाकाकूंकडे आन्सरिंग मशीन लागलं. त्यानं मशीनवर मेन, फर्नेस, खोका असं सगळं उलटसुलट सांगितलं. परत फोन केला, परत मशीन. चौथ्या वेळी तो मशीनला नुसतंच "प्लीज काकू" म्हणाला.

पुढचे साडेआठ तास विमानात. काही करता येत नाही अशा जागी ज्याचं डोकं थांबत नाही, त्याला तिथं बांधून ठेवण्यासारखी शिक्षा नाही. केदार डोळे मिटायचा की पाइप फाटायचा. पुठ्ठा ओला होऊन उघडायचा, फिती सुटून पाण्यावर तरंगायच्या. त्यानं त्या उतरवून का घेतल्या नाहीत? एक रविवार. एकच रविवार लागला असता! आईचा आवाज त्यानं आठवून पाहिला. शब्द आठवत होते, आवाज येईना. मग मात्र त्याला रडू फुटलं आणि त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.

एकदा बाबांनी त्याच्या मनगटाला हात लावला. "ऐक जरा—" केदारनं डोळे न उघडता हात वर केला: नको. बाबांनी हात काढून घेतला. त्यांचाही काही गाईचा स्वभाव नव्हता. नको तर नको. जेवणाचा ट्रे आला तसा परत गेला.

मुंबईला उतरल्या उतरल्या, बॅगा यायच्या आधी, केदारनं फोन गाठला. तिकडे रविवारची दुपार होती.

"अरे, किती घाबरवलंस सकाळी सकाळी!" शैलाकाकू म्हणाल्या. "घर ठीक आहे. गार पडलं होतं, पण गोठलं नव्हतं. मेन लावला, फर्नेस चालू झाली. आता ऐक. खाली पाण्याचा मोठा कॉक बंद होता, आणि वरचे खालचे नळ उघडे. पाइपात टिपूस नाही. कोणी केलं हे?"

"बाबांनी," केदार म्हणाला.

"चारुदत्त म्हणाला, चालू करून बघू," काकू सांगत होत्या. चारुदत्त म्हणजे त्यांचे यजमान. "त्यानं मोठा कॉक फिरवला मात्र, भिंतीतून असा फवारा! तुझ्या बाहेरच्या नळाचा पाइप फाटलाय रे. प्लंबर येऊन गेला. म्हणाला, हा चांगला आठवडाभरापूर्वी गोठून फाटलाय, आत बर्फाचं बूच होतं म्हणून गळला नाही. ते आज उबेनं नि पाण्याच्या जोरानं सुटलं. त्याचा आतला कॉक बंद करायचा राहिला होता तुझा. पाणी चालू ठेवून पाच आठवडे गेला असतास ना, तर विहीर झाली असती खाली."

"खोका?"

"त्याच भिंतीखाली होता. दोन थेंब उडाले वरच्या पुठ्ठ्यावर, तेवढेच. मी घरी आणून ठेवलाय."

केदारनं फोन ठेवला. खिशात घडी केलेली यादी होती. सात नंबरवर पेन्सिलची खूण, ठसठशीत.

बॅगांपाशी बाबा उभे होते. त्यांनी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. "घर ठीक आहे," केदार म्हणाला. "बरं," बाबा म्हणाले. बस. एवढंच. स्वानंदीला त्यानं हळूच सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मला काय सांगतोस? त्यांना सांग." सांग म्हणणं सोपं असतं. आपल्याकडे बापाला सॉरी म्हणायची रीत कुठं आहे? सॉरी आपण बसमध्ये पाय पडला तर म्हणतो. अकोल्याच्या गाडीत अख्खा प्रवास तो ते वाक्य जुळवत होता. कुठूनही सुरू केलं तरी ते आईच्या नावानं बोललेल्या त्या शब्दांपाशी येऊन अडायचं. दोनदा तो उठून दारापर्यंत जाऊन आला. बाबा खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होते.

घर सहा महिने बंद होतं. बाबांनी कुलूप काढलं. आत काळोख आणि बंद घराचा वास. भिंतीवर आईचा फोटो, सुकलेला हार. दाराच्या डाव्या हाताला लोखंडी डब्याचा जुना मेन स्विच, दांडी खाली. जूनमध्ये निघताना बाबांनीच पाडलेला.

स्वानंदी उंबऱ्यातच थांबली. बाबा स्विचपाशी गेले. हात वर नेला. पस्तीस वर्षं विजेशी खेळलेला तो हात दांडीपासून बोटभर अंतरावर थांबला, आणि ते मागे वळून केदारला म्हणाले,

"लावू का?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. स्वतःच्या घरात.

केदारनं हातातली बॅग तिथंच सोडली. "बाबा, असं नका विचारू," तो म्हणाला, आणि जुळवलेलं वाक्य सगळं विस्कटून गेलं. "पाइप माझ्यामुळे फाटला. सात नंबर. मी खूण केली आणि कॉक फिरवलाच नाही. तुम्ही पाणी बंद केलं म्हणून वाचलं. खोका कोरडा आहे, बाबा. तुमच्यामुळे. आणि मी तुम्हाला आईवरून बोललो."

त्र्यंबकरावांनी हात खाली घेतला. फोटोकडे पाहिलं, पुन्हा मुलाकडे.

"मी म्हटलं होतं तुले, आण, मी फिरवतो."

"म्हटलं होतं."

"यादी आहे खिशात?"

केदारनं घडी उलगडून दिली. बाबांनी चष्मा लावला, कागद दारातल्या उजेडात धरला आणि आणखी एकदा हात पुढे केला, पेन्सिलीसाठी. सात नंबरवरची खूण त्यांनी नीट खोडली. पुढे लाइनमनच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: त्र्यंबक.

"माझं ऑक्टोबरचं तिकीट काढ," ते म्हणाले. "नोव्हेंबरात उशीर होतो."

आणि दांडी वर केली.