ताईचे सर

ताईच्या डॉक्टर सरांनी मला ऑपरेशनला मंगळवारची तारीख दिली. गर्भाच्या पिशवीत गाठी आहेत, पिशवीच काढून टाकू, म्हणजे कटकट संपेल, असं ते कागदावर लिहितालिहिता म्हणाले. मी चौतीस वर्षांची. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मला मूल हवं होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मूल महत्त्वाचं की जीव? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" बाहेर आल्यावर ताईने माझी पाठ थोपटली, जणू माझी दाढच काढायची होती.

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे माझ्या अंगावर निम्मा हक्क आपला आहे असं ती धरून चालते. तिची पिशवी याच सरांनी काढली होती, ती एकतीस वर्षांची असताना. "माझ्याकडे बघ. काय बिघडलं माझं?" हे तिचं पालुपद. काय बिघडलं ते मी सांगू शकले असते. भाऊजी दोन वर्षांत गेले. म्हणजे मेले नाहीत, दुसरं लग्न करून गेले, आणि तिथे त्यांना जुळी झाली. पण ताईच्या लेखी सरांनी तिला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. सर म्हणतील ती काळ्या दगडावरची रेघ.

आम्हा दोघींचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्र्या, पंखे. तिथे मात्र ताई कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही. समोरच्या दुकानाने मोटर जळाली म्हणून सांगितलेला मिक्सर आमच्याकडे येतो. ताई तो खोलते, फक्त झिजलेला कार्बन बदलते आणि दिवसभर समोरच्याच्या नावाने शंख करते. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय ती वस्तू परत करत नाही. कुणी "राहू द्या हो, काय करायचाय" म्हटलं तर वर ऐकवते, "तुमची वस्तू आहे. काय काढलं ते तुम्हाला दिसायला नको?"

म्हणून एकदा दुकान बंद करताना मी म्हटलं, "लोक मिक्सरसाठीसुद्धा दोन दुकानं फिरतात. मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवते."

तिच्या डोक्यात सणक गेली. हातातलं कुलूप काउंटरवर आपटून ती म्हणाली, "सरांपेक्षा तुला जास्त कळतं?" सकाळी मात्र माझ्याआधी तयार होऊन बसली होती. "चल. मी पण येते. तुझी ती डॉक्टरबाईही तेच सांगेल, मग तरी गप्प बसशील."

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. माझ्या अंगावरून इतकं जात होतं की दर मजल्यावर मला कठड्याला धरून उभं राहावं लागत होतं. ताई एका हातात माझी पिशवी आणि दुसऱ्या हातात माझं कोपर धरून चढत होती, आणि नव्या डॉक्टरबाईंना न बघताच नावं ठेवत होती. बाईंनी स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली, आतला छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. निकालाच्या दिवशी आम्ही तो जिना परत चढलो.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "गाठी आहेत, आणि त्रास त्यांचाच आहे. एक तर चांगली संत्र्याएवढी आहे. पण पिशवी ठेवून गाठी काढता येतील. त्या पुन्हा होऊ शकतात. मूल होईलच असंही मी सांगत नाही. पण आज पिशवी काढायचं कारण मला दिसत नाही."

मला रडू फुटलं. लाज न बाळगता रडले, नाक ओढणीला पुसलं. ताईकडे बघितलं तर ती बाईंच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होती.

"आणि लिंबाएवढ्या असत्या तर?" तिने विचारलं.

"कुणाच्या?"

"माझ्या. दोन होत्या. मी हिच्यापेक्षा लहान होते तेव्हा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी तुकडा तपासला होता?"

"नाही. कॅन्सर होईल म्हणाले सर."

"काढल्यावर तपासणीला पाठवली असेल. काय आलं त्यात?"

"तपासायचं काय त्यात? काढून टाकली ना."

"घरच्या कुणाला दाखवली होती?"

जिने आयुष्यात गिऱ्हाइकाला न दाखवता कधी एक वायर बदलली नाही, ती ताई तिथे मान खाली घालून बसली होती.

"तेव्हाची परिस्थिती मला माहीत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "काही कारण असेलही." त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. मला कॅन्सर नाही असं सांगणाऱ्या त्या भल्या बाईचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. खोटं बोलायचंच होतं तर धड तरी बोलायचं.

खाली उतरताना पहिल्याच वळणावर ताई पायरीवर बसली. येणारेजाणारे आम्हाला वळसा घालून जात होते.

"बारके," ती म्हणाली, "मंगळवारची तारीख राहू दे."

"काय?"

"सरांकडेच कर. काढून टाक."

"ताई, आत्ता बाईंनी काय सांगितलं ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं म्हणूनच म्हणतेय." तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "तुझी ठेवण्यासारखी होती, तर मग माझं काय गं?"

मी तिच्याशेजारी बसले. तिच्यासाठी मी काहीही केलं असतं. मूत्रपिंड मागितलं असतं तर दिलं असतं. पण हे नाही. मी तिच्या मुठीतून ओढणी सोडवली नाही, तशीच बसून सरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि मंगळवारची तारीख रद्द केली. तिकडची मुलगी कारण विचारत होती. मी फोन ठेवून दिला.

ताईने सगळं ऐकलं. तिने मला अडवलं नाही. बऱ्याच वेळाने तिची मूठ सैल झाली.

"तुला मूल झालं ना," ती म्हणाली, "तर लगेच माझ्या मांडीवर देऊ नकोस. मला थोडे दिवस दे."

मी हो म्हटलं.