मोरीतल्या मुंग्या

माझं नाक तिखट आणि डोळे त्याहून. शेवगावात आमच्या आळीत कुणाकडे काय शिजतंय ते मला भिंतीपलीकडून कळायचं, आणि त्याचा मला ताठाही होता. तेव्हा माझी धाकटी जाऊ इंदू वाळायला लागली हे घरात सगळ्यांत आधी माझ्याच लक्षात आलं, यात नवल नाही.

त्रेचाळीस साल. तिचे यजमान शामकांतभावोजी लढाईच्या कामावर कराचीला. घरात आमचे हे, म्हणजे मामलेदार कचेरीतले दत्तोपंत, मी, इंदू आणि तिची दीड वर्षाची सुचित्रा. मला मूल नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नंतर कुणी उकरून काढायला नको.

इंदू खायची दोघींचं आणि दिसायची अर्धी. चोळ्या सैल झाल्या, गालफडं बसली. चार पावलं चालली की भिंतीला टेकायची. तिची चुलत बहीण क्षयानं गेलेली. मला तेवढं पुरलं. मी तिला मागची खोली दिली, तिचं ताट आणि फुलपात्र वेगळं केलं. ती भांडी राखेनं घासून वर निखारा ठेवायचा, असा नेम घालून दिला. आणि सुचित्राला काढून घेतलं.

"अक्का, मला खोकला नाही हो," इंदू म्हणाली.

"येईल," मी म्हटलं.

"नुसती मांडीवर द्या घटकाभर."

"बरी हो, मग घे."

दोन महिने ती लेकीला उंबऱ्याच्या आतून बघत होती. पोर आधी तिच्याकडे झेपावायची, मग झेपावेनाशी झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सुचित्रा आमच्या दोघांच्या मध्ये झोपायची. ह्यांच्या मांडीवर बसून ह्यांच्याच ताटातले घास खायची. हे उठले की त्याच ताटात मी वाढून घ्यायची, लग्न झाल्यापासूनची रीत. नवऱ्याच्या उष्ट्याला कुणी निखारा ठेवतं का? हे खोकायचे, पण तो तपकिरीचा खोकला. दोन वर्षं झाली होती, घरातल्या घड्याळासारखी त्याची सवय झालेली. रुमालावर कधीमधी तांबूस डाग असायचे. पान खायचे ते. कात म्हणून मीच चोळून काढायची.

एके सकाळी धुण्याभांड्याची गोजरबाई म्हणाली, "अक्काबाई, मोरीत मुंग्या लई झाल्यात. रोज रांग लागतीया."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साखर तेव्हा रेशनवर, आणि इंदू चोरून खाते. म्हणूनच तर ती तांब्यांवर तांबे पाणी पिते. मी डब्याच्या आत साखरेच्या पातळीला कुंकवाची रेघ ओढली. तीन दिवस चहा गुळाचा केला. साखर रेघेवरच राहिली. मुंग्या मात्र वाढल्या.

मग इंदू अंघोळीला गेली तेव्हा मी तिचं अंथरूण उलथंपालथं केलं. उशीखाली सुचित्राचं एक टोपडं निघालं. साखरेचा कण नाही. टोपडं होतं तसं ठेवून मी बाहेर आले.

गोजरबाई दारात उभी. तिनं सगळं पाहिलं होतं.

"तोंडात काय जातंया ते कशापायी बघताय? मुंग्या कुठं जात्यात ते बघा," ती म्हणाली. "धाकल्या बाई लघवीला बसत्यात तितंच. माझ्या सासऱ्याचं आसंच हुतं. लघवी ग्वाड. पानी पिऊन पिऊन रांजण मोकळा करायचा. आमी समदी त्याच्याच ताटात जेवलो, कुनाला काय झालं न्हाई."

हिला इंदूनंच पढवलं असणार, हा माझा पहिला विचार. तिचं पितळ उघडं पाडायचं म्हणूनच मी रविवारी नगरहून येणाऱ्या डॉक्टरांना घरी बोलावलं.

डॉक्टरांनी इंदूची छाती ऐकली, मग लघवी मागितली. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं पाणी हिरवं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"मधुमेह आहे," ते म्हणाले. "सुया घ्याव्या लागतील, पथ्य कडक. छाती स्वच्छ आहे."

"पण उष्टं, श्वास..."

"हा रोग हिचा हिच्यापाशी. ताटातून, अंथरुणातून, जवळ घेतल्यानं दुसऱ्याला होत नाही. तुम्ही घाबरलात तो क्षय. तो खोकल्यातून पसरतो, एकाच हवेत झोपणाऱ्यांना गाठतो. त्यात माणूस लगेच वाळतोच असं नाही. कित्येक दिवस कामावरही जातो."

इंदू रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

ओसरीवर हे खोकले.

डॉक्टरांनी मान वळवली. "कोण खोकतंय?"

"हे. तपकिरीचा खोकला आहे. जुनाच आहे."

जुनाच, असं म्हणताना माझी जीभ अडखळली. डॉक्टर छाती ऐकायची नळी घेऊन ओसरीवर गेले, मी मागोमाग. सुचित्रा ह्यांच्या मांडीवर होती. तिला डॉक्टरांनी उतरवायला लावलं. ह्यांच्या पाठीवर बराच वेळ नळी फिरवली आणि रुमाल मागितला. धुवायचा राहिलेला रुमाल मीच आणून दिला.

"हा कात नव्हे, बाई," ते सावकाश म्हणाले. "थुंकी तपासायला नगरला नेतो. पण मला फारशी शंका नाही. लहान मूल कुणाजवळ झोपतं?"

खोलीतून इंदू म्हणाली, "अक्कांच्या आणि भावोजींच्या मध्ये. त्यांच्याच ताटात जेवते."

मी सुचित्राला उचललं आणि मागच्या खोलीपाशी नेलं. इंदूनं दोन्ही हात पुढे केले. तिच्या हातात द्यायची तर तोंडाजवळ तोंड येणार, आणि त्या ताटात तर मीही जेवत होते. मी पोरीला उंबऱ्याशी जमिनीवर ठेवलं आणि मागे सरले.

"जा, आईकडे जा."

सुचित्रानं आईकडे एकदा पाहिलं. मग वळून माझ्याकडे आली आणि उचलून घ्या म्हणून हात वर केले. मी माझे हात पदराखाली घट्ट धरून ठेवले.