नऊचे तेरा

नेकनूरच्या बाजाराच्या मैदानात त्या दिवशी बैलांपेक्षा गाड्यांचीच गर्दी जास्त होती. आणि गाड्यांच्या मधोमध, भगव्या छत्रीखाली, यंत्रानंद महाराज उभे होते. अंगात रेशमी कफनी, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि माळेत मेरुमण्याच्या जागी ओवलेला एक जुना स्पार्क प्लग.

"इंजिनालाबी जीव असतो, लेकरांनो!" महाराज माइकवर गरजत होते. "जीव म्हंजे काय? दाब! कंपनी म्हणती, नऊ भाग हवा एका भागात कोंबा. नऊच कावून? तर नवग्रह! मी त्यात चार वेद मिळवतो. नऊ आन चार किती?"

"तेरा!" मैदान ओरडलं.

"तेराचा दाब! पिस्टन बदलायचा न्हाई, हेड उघडायचं न्हाई. श्रद्धा ठिवायची, बस!"

गर्दीनं राधाकिशनची पेट्रोल व्हॅन ढकलत पुढं आणली. शिष्यानं सीट उचलून प्लग काढला, त्या भोकात दाब मोजायचं गेज बसवलं आणि सेल्फ मारला. काटा अर्ध्यावरच लटकला. बायामाणसं हळहळली. मग महाराजांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले. शिष्यानं भोकात सिद्ध तेलाची पिचकारी मारली, गेज परत बसवलं, परत सेल्फ मारला. काटा हिसके देत चढत गेला आणि थेट हिरव्या पट्ट्यात जाऊन थांबला.

"महाराजांचा विजय असो!"

राधाकिशन धुळीत बसला आणि लेकरासारखा रडायला लागला.

गाडीपायी कुणी एवढं रडत नाही. पण त्याच्या बायकोच्या, मुक्ताबाईच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी तिला सारखं बीडला न्यावं लागे. जाताना उतार होता. परतताना मात्र पाली गावाच्या पुढं घाट लागला की व्हॅनचा दम तुटायचा. मग पिवळीजर्द पडलेली मुक्ताबाई रस्त्याकडेला डोकं धरून बसायची आणि हा ट्रकवाल्यांपुढं हात जोडत पळायचा. मागच्या खेपेला ती म्हणाली होती, "मला आता हितंच सोडा वो. तुमी तरी घरी जावा."

महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं सगळं सांगून टाकलं.

"यंत्राला दाब देतो, मंग देहाला देणार न्हाई का?" महाराज म्हणाले. "पण दवाखान्यातलं मशीन बंद कर. एका देहावर दोन शक्ती चालत न्हाईत. हे तीर्थ पाज. जितकं जाईल तितकं पाज."

हेच कुणी मैदानात नुसतं तोंडानं सांगितलं असतं, तर राधाकिशननं ऐकलं नसतं. पण काटा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. काटा कशाला खोटं बोलेल?

सुयांनी मुक्ताबाईच्या हाताची चाळण झालेली. ती एवढंच म्हणाली, "खरंच नकोय ना जायला?" आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. ते हसू बघून राधाकिशन तांब्यामागून तांब्या तीर्थ पाजत राहिला.

शेजारच्या अनिसाताई बीडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवायच्या. डायलिसिसच्या दिवशी त्या याच व्हॅननं बीडला जायच्या. व्हॅन एकदा आली नाही, दुसऱ्यांदाही आली नाही, तेव्हा त्या घरी आल्या. मुक्ताबाई उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की जीव घाबरा होत होता. पाय खांबासारखे सुजलेले, छातीत घरघर.

"राधाकिशनभाऊ, हे काय केलंत? पाणी चढलंय वहिनींच्या अंगात!"

"पाणी न्हाई, तीर्थ हाय ते. महाराज म्हणलेत, आधी बिघडतं, मंग सुधरतं."

अनिसाताईंनी अंगणातूनच नवऱ्याला, गॅरेजवाल्या मुस्तकीमला, फोन लावला. "ॲम्ब्युलन्स बोलाव. आणि गॅरेजमधलं गेज घेऊन लगेच ये."

राधाकिशन दारात आडवा उभा राहिला. "कुणीबी तिला हात लावायचा न्हाई. काटा चढला होता, ताई! म्या बघितलाय!"

"मग माझं ऐकू नका," अनिसाताई म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स येईस्तोवर काट्यालाच विचारू. महाराजांनी दिलेला दाब आज असायला पाहिजे ना?"

मुस्तकीम धावत आला. त्यानं व्हॅनचा प्लग काढून गेज बसवलं. सेल्फ मारला. काटा अर्ध्यावरच लटकला.

राधाकिशननं डोळे चोळले. "असं कसं?"

"आता तुमच्या घरातलं तेल आणा. भाजीचं."

तो कसाबसा आत गेला, शेंगदाण्याच्या तेलाचा डबा घेऊन आला. अनिसाताईंनी पिचकारीभर तेल भोकात सोडलं. ना मंत्र, ना डोळे मिटणं. सेल्फ. काटा हिसके देत चढला आणि हिरव्या पट्ट्यात जाऊन थांबला.

"पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, भाऊ. फटीतून हवा निसटते, म्हणून दाब भरत नाही. तेलानं ती फट घडीभर बुजते. आम्ही पोरांना वर्गात हेच दाखवतो, रिंगा गेल्यात की नाही ते ओळखायला. हा उपचार नाही, तपासणी आहे. आता गाडी चालू करा."

गाडीनं निळा धूर ओकला. तेल जळून गेलं. परत गेज लावलं. काटा परत अर्ध्यावर.

"आणि ते नऊचे तेरा?" राधाकिशननं विचारलं.

"हवा किती दाबायची ते प्रमाण इंजिनाच्या लोखंडातच कोरलेलं असतं. हेड तासा, पिस्टन बदला, तर वाढतं. आणि उगाच वाढवलं तर साधं पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन ठोके मारतं, फुटतं. पिचकारीनं ते तसूभरही हलत नाही."

आत मुक्ताबाईला ठसका लागला. फेस आला तोंडाला.

राधाकिशन धावला. त्यानं तिला लहान पोरीसारखी उचलली आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघत थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. "मुक्ते, श्वास घे. घे गं." एवढंच तो बडबडत होता.

बीडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. मशीन लावलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. "वाचतील असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून केलंत?" राधाकिशननं महाराजांचं नाव सांगितलं.

मुक्ताबाई जगली. डायलिसिस सुटलं नाही, सुटणारही नव्हतं. शुद्धीवर आल्यावर ती त्याला रागावली नाही, हेच त्याला सोसवेना.

पुढच्या बाजारी तो अनिसाताईंना आणि मुस्तकीमला व्हॅनमध्ये घेऊन मैदानात गेला. भजीवाल्याकडून वाटीभर तेल घेतलं आणि महाराजांच्या छत्रीपुढंच, सगळ्यांच्या देखत, काटा चढवून दाखवला. मग गाडी चालवून तोच काटा उतरवूनही दाखवला.

"ह्याची श्रद्धा कच्ची!" महाराज ओरडले. "म्हणून शक्ती उतरली!"

"मंग पक्क्या श्रद्धेची गाडी आणा," राधाकिशन म्हणाला. "तुमची सोताची आणा की! आधी मोजू, मंग तेलाबिगर नुसता मंत्र म्हणा, मंग परत मोजू."

मैदान हसलं. महाराजांची नवी कोरी गाडी झाडाखाली उभी होती. पण महाराज तिच्याकडे गेले ते गेज लावायला नाही, बसायला. शिष्य छत्री मिटायच्या आतच पसार झाला. चारदोन तरुण गाडीला आडवे झाले आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

राधाकिशन बोलायला उभा राहिला. "म्या डोळ्यांनी बघितलं होतं," तो म्हणाला. "डोळ्यांनी बघून पुरत न्हाई, लोकहो. दुसऱ्यांदा मोजा. दुसऱ्याला मोजू द्या. जो मोजू देत न्हाई, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. म्या दिलं होतं."

गर्दी पांगू लागली. एक बाई मात्र तिथंच उभी राहिली, कडेवर तीनचार वर्षांची पोर. तिनं हळूच विचारलं, "दादा, हिला फिट येती. महाराजांनी गोळ्या बंद करायला लावल्यात. आता काय करू?"

"आजच चालू करा, माय," राधाकिशन म्हणाला. "पण आधी डॉक्टरांना दाखवू. बसा व्हॅनमधी. बीडला जायला उतारच हाय."