अकरा वाजताचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण माझ्यात ना कापूस, ना माझ्यावर खोळ. मऊपणाच्या नावाने नुसती बोंब! मी कडक प्लास्टिकची. कारखान्यातून निघाले ती थेट या इस्पितळाच्या तळघरात, किरणांच्या यंत्राखाली आले. आमच्या खोलीला खिडकी नाही. माणसं माझ्यावर डोकं ठेवत आणि यंत्र चालवणाऱ्या ताई त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवत. मग डोकं तसूभरही हलत नसे. "आमची उशी कधी दगा देत नाही," असं ताई म्हणत, तेव्हा मी मनातून फुगत असे.

हे मुखवटे ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावरच घडवतात आणि खुंट्यांना टांगून ठेवतात. सगळ्यांचे डोळे मिटलेले. खरं सांगते, मला तिकडे बघवत नसे.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांचा छातीतला कर्करोग मेंदूत पसरला होता. गाठ काढून तीन आठवडे झाले होते. मुखवटा तयार झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "टाके छान भरलेत. सोमवारी अकराला किरणांचे शेक सुरू करू. गाठ गेली, पण मुळं राहिली असतील. आता उशीर नको."

सोमवारी मावशी आल्याच नाहीत. ताईंना फोनवर म्हणाल्या, "अगं, डोकं दुखायचं थांबलंय. लुळा पडलेला उजवा हातही झकास चालतोय. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत. आमचे भाऊजीही म्हणतात, जखम जरा सुकू दे."

त्याच दिवशी, ठीक अकरा वाजता, माझ्यावर कुणीतरी डोकं टेकलं. वर कुणीच नव्हतं. वजन अगदी हलकं होतं, पण होतं. मग ते रोज येऊ लागलं. दर आठवड्याला ते जड होत गेलं. मी भ्याले, पण सांगणार कुणाला?

पाचव्या आठवड्यात मला पुसताना ताईंनी झटकन हात मागे घेतला. "अगं बाई! ही गरम कशी?" सकाळपासून माझ्यावर कुणीच झोपलं नव्हतं. त्यांनी खुंटीवरच्या मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. "मावशी, गणवेश गेले खड्ड्यात! उद्याच्या उद्या या."

मावशी आल्या. त्यांनी डोकं ठेवलं आणि मी शहारले. वजन तेच होतं, तंतोतंत. मुखवटा मात्र बसेना. औषधांनी चेहरा सुजला होता. हनुवटीपाशी अर्ध्या बोटाची फट राहत होती. मावशी हसून म्हणाल्या, "माप देऊन गिऱ्हाईक दोन महिन्यांनी उगवलं की मीच ओरडते, माप काय तुमची वाट बघत बसतं का?" ताई हसल्या नाहीत. त्यांनी मुखवटा बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलावलं.

नव्या तपासणीत त्याच जागी पुन्हा गाठ दिसली, हरभऱ्याएवढी. नवा मुखवटा झाला, शेकही पूर्ण झाले. मावशी आपल्या पायांनी घरी गेल्या, पण उजव्या हातात सुई धरवत नव्हती. जाताना त्यांनी मला डाव्या हाताने थोपटलं. मला फार वाईट वाटलं.

आता नवी उशी आली आहे. मी खुंट्यांखालच्या फळीवर धूळ खात पडले आहे. तरीही आज अकरा वाजता माझ्यावर पुन्हा न दिसणारं डोकं टेकलं आणि मी गरम झाले. हे डोकं माझ्या ओळखीचं नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत असेल, तर हात धरून त्यांना घेऊन या. वजन अजून हलकं आहे.